चार दहाचा ओढा

“आणि लघवीला?”

यशोधनला आपण नीट ऐकलं की नाही, कळेना.

“काय म्हणालात, आबा?”

“चहाला दहा मिनिटं दिलीस. फोटोला पंधरा. लघवीला कुठे वेळ दिसत नाही, म्हणून विचारलं.”

यशोधन हसला. आबा हसले नाहीत.

कागद त्यांच्या मांडीवर होता. चार माणसांच्या, उद्याच्या एका दिवसाच्या चढाईचं वेळापत्रक. पहाटे पाचला तंबू सोडायचे. बाराला लुंगमार शिखर, पंधरा हजार आठशे फूट. अंधाराच्या खूप आधी परत तंबूत. मधला प्रत्येक टप्पा मिनिटासकट लिहिलेला. अक्षर वळणदार.

आबा मोहिते मूळचे वाईकडचे. गिर्यारोहण शिकवायला तरुणपणी हिमालयात आले आणि शिकवणं संपलं तरी परत गेले नाहीत. लाहौलच्या खोऱ्यात, शेवटच्या गावाच्याही वर, त्यांची एक दगडी खोली होती आणि मटारचं एवढंसं शेत. आता ते सत्तरीला टेकले होते. गावकरी त्यांना मास्टरजी म्हणत. त्यांना विचारल्याशिवाय लुंगमारकडे कोणी पाय वळवत नसे.

यशोधन सांगलीचा, सत्तावीस वर्षांचा. चार वर्षांपूर्वी, आबांच्या शेवटच्या तुकडीत, तो सव्वीस दिवस शिकला होता. तेव्हापासून सगळीकडे स्वतःला आबांचा शिष्य म्हणवत असे.

आबांना हे आज सकाळीच कळलं.

तो वाट विचारायला आला होता. शिखराखाली काळ्या कातळाचा पट्टा होता. त्यातून वर निघणारी घळ नेमकी कुठे धरायची, ते आबांनाच ठाऊक होतं. तेवढं विचारून दोनपर्यंत येतो, असं तंबूत सांगून तो सकाळी ओढा ओलांडून इकडे आला होता. तंबू ओढ्याच्या पलीकडे, गवतात होते. तिथे त्याची धाकटी बहीण अनघा होती आणि गटातले दोन मित्र.

आबांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“एका दिवसात का?”

याच प्रश्नाची यशोधन वाट पाहत होता. तो बराच वेळ बोलला. लोक वरच्या कुरणांवर तंबूंची गावं वसवतात. खेचरं कोवळं गवत मुळासकट ओढतात. बर्फ वितळला की खालून प्लास्टिक निघतं. डोंगर विकायला काढलाय सगळ्यांनी. माणसाने डोंगरात पाहुण्यासारखं जावं, सकाळी जावं, संध्याकाळी परत यावं, मागे काही ठेवू नये. चार जणांनी हे करून दाखवलं तर चारशे जण करतील.

तो खोटं बोलत नव्हता.

आबांनी सगळं ऐकलं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मागे काही ठेवू नये.”

मग थोडं थांबून म्हणाले, “माणूससुद्धा.”

यशोधनला ते बोलणं अशुभ वाटलं, आणि अशुभ वाटलं याचा रागही आला. तो शिकलेला मुलगा होता.

आबांनी मटारच्या शेंगांची टोपली पुढे ओढली. भरलेली होती.

“सोल.”

साडेअकरा झाले होते. यशोधन सोलू लागला. त्याची बोटं भरभर चालत होती. आबा एक शेंग घेत, उन्हात धरत, दाणे मोजल्यासारखं बघत, मग सोलत.

“भीती वाटते का रे?”

“मला? नाही.”

“कशाचीच?”

“दोनशे बारा किल्ले झालेत आबा, सह्याद्रीत. भर पावसात कडे उतरलोय. आणि उद्याचं हवामान तीन ठिकाणी तपासलंय. ढगाचा ठिपका नाही. आजच्यासारखंच निरभ्र.”

आबांनी दारातून वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं. दूर हिमनदीवर ऊन पडलं होतं, तिकडे डोळा ठरत नव्हता.

“मला वाटते,” ते म्हणाले.

“कशाची?”

“या आभाळाची.”

वय झालंय, असं यशोधनच्या मनात आलं. पण आबांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला उगीच थंडी वाजल्यासारखं झालं. आबा थट्टा करत नव्हते. खरोखर भ्यालेल्या माणसासारखे ते त्या निळ्या आभाळाकडे बघत होते.

…

बारा वाजले. एक वाजला.

आबा मधेच काहीतरी विचारत. दोर किती लांबीचा आहे. चौघांत सगळ्यांत हळू कोण चालतं. यशोधनने सांगितलं, अनघा. तिला डोंगराचं तसं वेड नाही, पण माझ्यासोबत येते. लहानपणापासून येते. मी म्हणालो चल, की चालते.

“तू म्हणालास थांब, तर थांबते?”

“थांबते ना.”

“आज तुला उशीर झाला, तर तिकडून कोणी शोधायला निघेल?”

हा प्रश्न आबांनी शेंग खाली ठेवून विचारला.

“कोणी नाही निघणार. आज दुपारी दोन ते चार विश्रांती आहे. कागदावर वरच लिहिलंय, आदल्या दिवसाचं. माझ्या गटात कागद मोडत नाहीत, आबा.”

आबांनी कागद पाहिला. तसं लिहिलं होतं खरं. त्यांनी मान हलवली आणि शेंग पुन्हा उचलली.

थोड्या वेळाने त्यांनी हात थांबवला.

“आवाज येतोय?”

यशोधनने कान दिले. लांबून काहीतरी येत होतं. जड कपाट फरशीवरून सरकवावं तसं. एकदा. मग पुन्हा.

“विमान असेल.”

आवाज थांबत होता आणि पुन्हा येत होता. थांबला की यशोधन तो पुन्हा यायची वाट बघू लागला, आणि आपण वाट बघतोय हे लक्षात आल्यावर जोरात सोलू लागला.

दोन वाजून गेले. तीन वाजत आले.

“आबा, वाट सांगताय ना?”

“सांगतो. आधी हे वाच.”

त्यांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

यशोधनने वाचलं. “चार दहा, ओढा. चार वीस, तंबू. चहा.”

“पुन्हा वाच.”

त्याने पुन्हा वाचलं. या वेळी आवाजात चीड होती.

“काय राहिलंय?”

“काही नाही राहिलेलं.”

“सकाळी कसा ओलांडलास?”

“दगडांवरून. सात दगड आहेत ओळीने. बुटाचा तळ भिजला नाही.”

“आणि उद्या चार दहाला?”

“तेच सात दगड. दगड कुठे जातायत, आबा? पाऊस नाही, पूर नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी जो ओढा तोच संध्याकाळी.”

“तुमच्याकडे,” आबा म्हणाले.

यशोधनचा संयम संपला. तो बोलू नये ते बोलला. वाट सांगायची नसेल तर तसं तोंडावर सांगा म्हणाला. सकाळपासून भाजी निवडायला बसवलंय. मी तुमचं नाव गावोगाव सांगतो, पोरांना तुमच्या गोष्टी सांगतो, आणि तुम्हाला मी एका घळीच्याही लायकीचा वाटत नाही. तुमच्यासारखी माणसं ज्ञान उराशी धरून बसतात, म्हणून डोंगर दुकानदारांच्या हाती जातात.

आबांनी हेही सगळं ऐकलं.

मग ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळू.

“चल. ओढ्यापर्यंत जाऊ. टोपली घे.”

…

खोलीपासून ओढा दोनशे पावलांवर होता. मधे एक उंचवटा. उंचवट्याच्या अलीकडे कपाट सरकवल्याचा तो आवाज पायांतून वर यायला लागला. जमीन किंचित थरथरत होती.

यशोधनला कळलं, हे विमान नाही.

उंचवटा चढून तो थांबला.

सकाळी इथे पाणी काचेसारखं होतं. तळातले गोटे दिसत होते. आता समोरून राखाडी रंगाचं काहीतरी चाललं होतं, सिमेंट कालवल्यासारखं दाट, काठोकाठ. मधोमध ते फुगलेलं होतं, दोन्ही काठांपेक्षा उंच. आणि खाली, न दिसणारे मोठाले दगड एकमेकांवर आपटत वाहत होते. तो आवाज त्यांचा होता.

“दगड मोज,” आबा म्हणाले. त्यांना ओरडावं लागलं.

यशोधनने मोजले. एक होता. त्याच्यावरून पाणी उडत होतं. मग तोही दिसेना.

“पाऊस तर…”

“वर सकाळपासून ऊन आहे,” आबा त्याच्या कानाशी म्हणाले. “बर्फावरचं ऊन. ते आत्ता इथे पोहोचलं.”

यशोधनच्या डोळ्यांसमोर कागदाचा तळ आला. चार दहा, ओढा. चार थकलेली माणसं. पाठीवर ओझी, पायांत गोळे. पन्नास पावलांवर तंबू दिसतायत, चहा दिसतोय. त्याला माहीत होतं, त्याने काय केलं असतं. तो म्हणाला असता, हात धरा आणि चला.



आबा त्याच्याकडे बघत होते. त्यांना जे दाखवायचं होतं ते दाखवून झालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला होता.

तेवढ्यात पलीकडे लाल रंग हलला.

अनघाचं जाकीट लाल होतं.

…

दादा दोनला येणार होता. तीन वाजून गेले म्हणून ती काठावर आली होती. कागद मोडून.

यशोधनने तिला पाहिलं आणि जिवाच्या आकांताने हाक मारली. हाक त्याची त्यालाच ऐकू आली नाही. त्याने दोन्ही हात वर केले आणि जोरजोराने हलवले. मागे जा. मागे जा.

अनघाने दादाला पाहिलं. काठावर उभा, दोन्ही हात वेड्यासारखे हलवतोय, तोंड उघडतंय, मिटतंय. असा तो तिने कधी पाहिला नव्हता.

ती खाली बसली. बूट काढले. नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले. आणि पाण्यात पाय घातला.

यशोधन आणखी जोराने हात हलवू लागला. पुढे धावला, घोट्यापर्यंत पाण्यात गेला, बोटांनी मागचं गवत दाखवू लागला.

तिने मान हलवली. येते, येते, अशी. आणि दुसरं पाऊल टाकलं. गुडघा बुडाला.

“बस,” आबा म्हणाले.

त्याला ऐकू गेलं नाही.

तिसरं पाऊल. ती कमरेतून डगमगली. हात पसरले. सावरली. पाणी मांडीला धडका देत होतं, आणि ती खाली बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. फक्त त्याच्याकडे.

आबांनी मागून त्याच्या पट्ट्यात बोटं अडकवली आणि सगळं अंग मागे टाकलं. यशोधन धाडकन काठावर बसला.

“हात खाली घे.”

“आबा, ती…”

“खाली घे हात.”

आबा त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. टोपली दोघांच्या मधे ठेवली. एक शेंग उचलली.

“सोल.”

यशोधन त्यांच्याकडे बघत राहिला.

“सोल. तिच्याकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ आणि हस.”

त्याला हसता येईना. ओठ नुसते ताणले गेले. त्याने शेंग घेतली. ती त्याच्या हातात फुटली. आबा सोलत होते. पण एकही दाणा टोपलीत पडत नव्हता. सगळे वाळूत चालले होते.

“बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. ओठ हलव.”

यशोधनने काय म्हटलं ते त्याला नंतर आठवलं नाही. बहुधा तो तिचं नाव घेत होता.

आबांनी रिकामी शेंग मागे टाकली. दुसरी उचलली. दुपारी अंगणात बसलेल्या माणसासारखी त्यांनी मान जरा तिरकी केली आणि उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर येऊन टपकत होता.

एक शेंग.

दुसरी शेंग.

खाली दगड आपटत होते.

“आबा, बघू?”

“नाही.”

तिसरी शेंग…

“आता बघ. हळू.”

यशोधनने मान वर केली.

अनघा पाण्यात थांबली होती. तोल सांभाळायला हात पसरलेलेच होते, पण चेहरा कमरेवर हात ठेवून जाब विचारावा तसा होता. ती दोघांकडे बघत होती. मग तिने खाली पाहिलं. बराच वेळ खालीच बघत राहिली. तिचे खांदे आखडले.

पाठ न वळवता तिने एक पाय मागे घेतला. चाचपला. दुसरा घेतला. पाण्याने एकदा तिला गुडघ्यावर आणलं. लाल जाकीट निम्मं काळं झालं.

यशोधन उठू लागला. आबांचा हात त्याच्या मांडीवर होता. म्हाताऱ्या माणसाचा हात, पण तो हलला नाही.

ती उठली. काठावरचं गवत दोन्ही मुठींत धरलं. वर चढली. चार हात सरपटत गेली आणि तिथेच बसली, गुडघ्यांत डोकं घालून.

आबांच्या हातातली शेंग सोलायची राहून गेली. त्यांनी ती टोपलीत ठेवली आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकले, जमीन आहे ना हे पाहावं तसे.

…

पूल खाली गावात होता, चार तासांच्या चालीवर. मधल्या दरडीवरून दुपारनंतर दगड सुटतात. आबांनी घोंगडं आणून काठावर अंथरलं आणि पलीकडे नुसता तळवा खाली दाबून दाखवला. अनघाला कळलं. मित्र आले, तिला कोरडे कपडे आणि स्लीपिंग बॅग दिली, तेही बसले. ऊन उतरलं. दोन काठांवर माणसं बसून राहिली आणि मधून ते राखाडी काहीतरी जात राहिलं.

यशोधन तिच्यावरून नजर काढत नव्हता.

बऱ्याच वेळाने आबाच बोलले. त्याला पाणी दाखवायचं म्हणून आपण त्याला मुद्दाम बसवून ठेवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. सांगून कळत नाही, बघून कळतं, म्हणून. सगळ्यांना ते असंच दाखवतात. पण तिकडे कोणी वाट पाहत असेल, हे त्यांनी धरायला हवं होतं.

“तुम्ही विचारलं होतं,” यशोधन म्हणाला. “मीच सांगितलं, कोणी येणार नाही.”

“हो. आणि मी तुझा कागद खरा धरला.”

आबांनी हे स्वतःला म्हटल्यासारखं म्हटलं.

यशोधनला काहीतरी बोलायचं होतं. सकाळपासून बोललेलं सगळं परत घ्यायचं होतं. दोनशे बारा किल्ल्यांत त्याला कधी असं वाटलं नव्हतं. ती पलीकडे सुखरूप दिसत असूनही आपण तिला हाका मारतोय आणि ती पुढे येतेय, हेच त्याला पुन्हा पुन्हा दिसत होतं.

“बसायचं कसं सुचलं तुम्हाला?”

आबांनी वाळूतला मटारचा एक दाणा उचलला.

“आबा?”

“एकदा मी उभा राहिलो होतो.”

“कुठे?”

आबांनी हनुवटीने दाखवलं. इथेच. जरा वरच्या अंगाला, जिथे काठ खचलाय.

“पलीकडे कोण होतं?”

पाण्याचा आवाज येत राहिला.

“दोन्ही हात हलवले होते मी,” आबा म्हणाले.



…

उजाडलं तेव्हा आवाज नव्हता. त्या शांततेनेच त्याला जाग आली.

ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं, काचेसारखं. सात दगड ओळीने वर आले होते. काठाच्या दोन दगडांवर बर्फाची पातळ साय धरली होती.

तो उठून बूट घालेपर्यंत अनघा निघालीसुद्धा होती. जपून, एकेक दगड पायाने दाबून बघत ती आली. आली ती सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

“लाज वाटते का रे, दादा? माझे पाय कापत होते पाण्यात, आणि तुम्ही दोघं मटार सोलताय. मटार.”

त्याने तिच्या कोपराला हात लावला आणि तो तिथेच ठेवला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

आबा चुलीवरचा चहा घेऊन आले. तिच्या हातात पितळी पेला दिला.

“किती पाण्यात आली होतीस, पोरी?”

तिने मांडीवर हात ठेवून दाखवलं.

“का आलीस?”

“दादा हात करत होता. वाटलं, याला काहीतरी झालंय. बोलावतोय.”

“मग थांबलीस का?”

तिने चहावर फुंकर मारली.

“तुम्ही बसलात ना. शेंगा काढल्यात. मग म्हटलं, काही झालेलं नाही. मग… मग खाली पाहिलं.”

“काय दिसलं?”

“पाणी.”

“तोवर दिसलं नव्हतं?”

“नाही,” अनघा म्हणाली. पेला तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला. “तोवर दादाच दिसत होता.”

यशोधनने मान फिरवली.

थोड्या वेळाने तो आबांसमोर आला. त्याने खिशातला कागद काढला नाही. आम्ही खाली जातो, म्हणाला. घळ सांगू नका तुम्ही. मला लुंगमारकडे बघवतही नाहीये. कोणाला घेऊन जायची माझी लायकी नाही. चार वर्षं मी उगाच तुमचं नाव सांगत फिरलो.

“भीती वाटते?”

“हो.”

“किती?”

“अजून हात कापतायत.”

आबांनी त्याचे हात पाहिले. कापत होते. त्यांनी ते बराच वेळ पाहिले, कालचा कागद पाहिला होता तसे, वरपासून खालपर्यंत.

मग ते ओल्या वाळूवर उकिडवे बसले. बोटाने एक रेघ ओढली. तिच्यावर एक त्रिकोण काढला आणि मधे आडवा जाड पट्टा.

“पोरी, इकडे ये. आज आराम करा. उद्या चारला निघा, पाचला नव्हे. कातळापाशी पोहोचलीस की डाव्या हाताला दोन घळी दिसतील. पहिली सोडायची.”

अनघा त्यांच्या शेजारी बसली. “मला का सांगताय?”

आबांनी रेघ वर नेली.

“दहा वाजले की जिथे असशील तिथून फिरायचं. शिखर हाताला लागत असलं तरी.”

“आणि इथे येईपर्यंत पाणी वाढलं असलं तर?”

“बसायचं. सकाळपर्यंत.”

यशोधन मागे उभा होता. वाळूवरची रेघ त्याला आबांच्या खांद्यामुळे दिसत नव्हती. तो वाकला नाही.

“आबा,” तो म्हणाला, “आणि मी?”

आबांनी मागे वळून पाहिलं नाही.

“तू सगळ्यांच्या शेवटी चाल.”